केस विचारू नकोस, तारीख विचार

प्रिय,

तुझं पत्र दोनदा वाचलं. सहा जणी, काही भायखळ्याच्या तुरुंगातून सुटलेल्या, काही येरवड्याच्या, आणि त्यांना घेऊन तुला नाटक बसवायचंय. रविवारी दुपारी समाजमंदिराचा हॉल मिळतोय आणि नाटकाची पहिली ओळ तुला सुचलीसुद्धा. ती ओळ बाजूला ठेव. छान आहे, पण तुझी आहे.

आधी माझी चूक सांगते. बऱ्याच वर्षांपूर्वी आमच्या गटातल्या एकीला मी म्हटलं, "तुझंच सांग ना, लोकांना भिडेल." ती बोलली. सासर, जाऊ जळाली तो दिवस, पोलीस, आत काढलेली साडेचार वर्षं. ती निर्दोष सुटली होती. बायकांनी डोळ्यांना पदर लावले, टाळ्या झाल्या, मीही रडले. कुणीतरी ते मोबाइलवर घेतलं होतं. आठवड्याच्या आत घरमालकाने तिला खोली खाली करायला सांगितलं. ती मला एका शब्दाने बोलली नाही. तालमीला यायची बंद झाली, एवढंच.

तेव्हापासून आमच्याकडे स्वतःची केस स्वतःच्या तोंडून कुणी करत नाही. एकीचं दुसरी करते, तिसरीचा तपशील चौथीच्या संवादात जातो. यात कायद्याचीही बाजू आहे. जामिनावर असलेल्या बाईने चार लोकांत केलेली कबुली उद्या तिच्याविरुद्ध पुरावा म्हणून येऊ शकते. म्हणून पहिल्या दिवशी प्रत्येकीला एवढंच विचार: केस संपली की चालू आहे? कसली, ते नको. चालू असेल तर तिच्या वकिलाच्या कानावर घाल आणि तिच्या तारखा तालमीच्या वहीत लाल शाईने लिही. प्रयोग पुढे ढकलता येतो, तारीख चुकली तर वॉरंट निघतं.

मग नाटक कशाचं? सुटल्यानंतरच्या पहिल्या दिवसाचं कर. आम्ही केलं होतं. बाई कापडी पिशवी घेऊन दारात उभी आहे आणि नणंद दार उघडते. मी संवाद लिहिला होता, "वहिनी, आलात?" एक जण फिस्सकन हसली. "ताई, असं कोण विचारतं? ती आधी गल्लीत बघते, कुणी पाहिलं का." संवाद गेला, नजर राहिली. दार किती उघडायचं यावर त्या अर्धा तास भांडल्या. एक म्हणाली हातभर, दुसरी म्हणाली साखळी अडकवूनच. अशा भांडणात तू मध्ये पडू नकोस, वही काढून लिहून घे.

तो प्रवेश दार अर्धं उघडं असतानाच थांबव आणि प्रेक्षकांना विचार, आता काय करायचं? ही रीत ब्राझीलच्या ऑगस्टो बोआल यांची. १९७१ मध्ये ते स्वतः तुरुंगात होते, छळही सोसला. पुढे पेरू देशात एका प्रयोगात नवऱ्याने फसवलेल्या बाईची गोष्ट चालली होती. प्रेक्षकांतल्या एकीने सुचवलं, त्याच्याशी नीट स्पष्ट बोला आणि मग माफ करा. नटांनी तसं केलं, पण तिला काही पटेना. शेवटी बोआल म्हणाले, तुम्हीच या वर. ती आली, झाडू घेतला, नवरा झालेल्या नटाला बदडून काढलं, मग त्याला जेवण आणायला पाठवलं. "नीट बोलणं" म्हणजे तिच्या लेखी ते होतं!

चर्चेला मात्र घाई करू नकोस. प्रयोग वीस मिनिटांचा ठेव आणि बोलणं तासाभराचं. पत्रकार शीला बारसे मुंबईच्या तुरुंगात १५ बायकांशी बोलल्या. त्यांतल्या ५ जणींनी पोलीस कोठडीत मारहाण झाल्याचं सांगितलं. बारसेंनी ते पत्रातून सर्वोच्च न्यायालयाला कळवलं, न्यायालयाने पत्रालाच याचिका मानलं. १९८३ च्या निकालात बायकांसाठी वेगळी कोठडी, पहाऱ्याला महिला पोलीस आणि चौकशीच्या वेळी महिला पोलीस हजर, असे आदेश निघाले. नुसत्या बोलण्याने काय होतं, असं तुला कुणी ना कुणी ऐकवणारच. त्याला हे सांग.

चर्चेत भाषणं कमी आणि "माझी भावजय दोन वर्षं आत आहे, जामीनदार मिळत नाही" हे जास्त येईल. त्यासाठी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचा एक वकील बसवून ठेव. १९८७ च्या कायद्याने बाईला उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो, हे हॉलमधल्या बहुतेकींना माहीत नसतं. आणि १ जुलै २०२४ पासूनच्या नव्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत, कलम ४७९ प्रमाणे, आधी कधीही कुठल्या गुन्ह्यात दोषी न ठरलेल्या कच्च्या कैद्याने कमाल शिक्षेच्या एक तृतीयांश काळ आत काढला की सुटकेचा मार्ग आहे. फाशी-जन्मठेपेच्या गुन्ह्यांना तो लागू नाही, आणि अंगावर एकाहून जास्त केसेस असतील तरी नाही. हे अपवादही सांग, नाहीतर ती घरी जाऊन खोटी आशा लावून बसेल.

पैशाची वही त्या सहा जणींच्याच हातात दे. इंग्लंडमधली क्लीन ब्रेक ही नाटक कंपनी १९७९ मध्ये यॉर्कशायरच्या तुरुंगातल्या दोन कैदी बायकांनीच उभी केली, बाहेरून कुणी ताई आली नव्हती. आपण दोघी ताया आहोत, हे ध्यानात असू दे. आणि मोबाइल दारात, टोपलीत.

पहिल्या प्रयोगाला येईन, मागे बसेन. नणंदेच्या कामाला कुणी कमी पडलं तर कळव. संवाद एकही नाही, पण दार कसं धरायचं ते मला त्यांनी शिकवलंय.

तुझी ताई