तिन्ही गाड्यांना हवा शुद्ध करणारं यंत्र घ्यावं का?

प्रश्न: माझ्या तीन गाड्या प्रवासी भाड्यावर चालतात. चार्जरच्या सॉकेटमध्ये बसणारं, आयन (विद्युतभार असलेले कण) सोडून हवा शुद्ध करणारं आणि वर लिंबाचा सुवास देणारं एक यंत्र विक्रेता तिन्ही गाड्यांसाठी द्यायला तयार आहे. पहिलं कार्ट्रिज सोबत येतं, पुढे दर तीन महिन्यांनी नवीन घ्यायचं. एका कार्ट्रिजची किंमत यंत्राच्या एक तृतीयांश आहे. सहा बिनव्याजी हप्ते, नाहीतर रोखीवर 10 टक्के सूट. गाड्यांचं रेटिंग वाढेल असं तो म्हणतो. टायर आणि सर्व्हिसिंगसाठी बाजूला ठेवलेल्या पैशातून रोखीने घेऊन टाकू का?

उत्तर: नको. निदान तिन्ही गाड्यांना एकदम नको, आणि देखभालीच्या पैशाला तर हातच लावू नका.

आधी हिशेब मांडू. दोन वर्षांत प्रत्येक गाडीला सोबतचं धरून आठ कार्ट्रिजं लागतील, म्हणजे सात विकत घ्यावी लागतील. सात तृतीयांश अधिक मूळ यंत्र. तिन्ही गाड्यांची बेरीज केलीत तर बरोबर दहा यंत्रांची किंमत होते. तुम्ही मनात तीन यंत्रांचा खर्च धरला असणार, कारण विक्रेत्याने तेवढाच दाखवला. विकायला काढलंत तर या वस्तूला जवळपास काहीच येणार नाही, त्यामुळे हे सगळे पैसे खर्चाच्याच खात्यात टाका.

‘बिनव्याजी’ हप्त्यांचंही तसंच. रोखीने जी वस्तू 90 ला मिळते, तीच हप्त्यांवर 100 ला. वरचे 10 हेच व्याज. सहा महिन्यांत फेडायचं असल्याने ते महिन्याला 3 टक्क्यांहून थोडं जास्त पडतं, वर्षाला सुमारे 37 टक्के. तेव्हा घ्यायचंच ठरलं तर रोखीने, हा तुमचा विचार बरोबर आहे. फक्त पैसे कुठून काढायचे ते चुकतंय. टायर अडला की गाडी उभी राहते आणि त्या दिवसाचं भाडं बुडतं. सुवास नसल्याने गाडी उभी राहत नाही.

आता वस्तूकडे वळू. पैशाचा सल्ला देणाऱ्याने यंत्राच्या पोटात शिरू नये असं काही जण म्हणतील, पण काम न करणारी वस्तू स्वस्तात मिळाली तरी महागच पडते.

आयन सोडणारं यंत्र धुळीच्या कणांवर विद्युतभार चढवतं. ते कण मग सीट, काच आणि छताच्या कापडाला जाऊन चिकटतात. ते गाडीबाहेर जात नाहीत. पुढचा प्रवासी सीटवर बसला की त्यातले काही पुन्हा हवेत येतात. शिवाय अशी काही यंत्रं थोडा ओझोनही तयार करतात, आणि तो फुप्फुसांना त्रास देतो. कॅलिफोर्निया राज्याने घरात वापरायच्या हवा शुद्ध करणाऱ्या यंत्रांसाठी ओझोनची मर्यादा 0.050 पीपीएम (हवेच्या दहा लाख भागांत 0.050 भाग) इतकी कमी ठेवली आहे, ती उगाच नाही. खोलीपेक्षा गाडीची जागा कितीतरी लहान, साधारण तीन घनमीटर. त्यात तुमच्या यंत्राला लिंबाचा वास! लिंबाच्या सुगंधातलं लिमोनिन ओझोनशी मिळालं की फॉर्मल्डिहाइड आणि अतिसूक्ष्म कण तयार होतात. म्हणजे एकाच डबीत शुद्धीकरण आणि सुवास ही जोडीच मला खटकते. दिवसभर त्या हवेत बसणार ते तुमचे ड्रायव्हर. प्रवासी अर्ध्या तासात उतरून जातो.

हवा गाळणारी व्यवस्था तुमच्या गाड्यांत बहुधा आधीच आहे. तिचे पैसे तुम्ही गाडी घेतानाच भरले आहेत. एसीचा ब्लोअर तासाला शेकडो घनमीटर हवा ढकलतो आणि ती हवा केबिन फिल्टरमधून जाते. बहुतेक गाड्यांत तो ग्लव्ह बॉक्सच्या मागे असतो. कप्पा रिकामा करा, दोन्ही बाजू आत दाबून तो खाली सोडा, मागचं झाकण काढा, फिल्टर हातात येतो. भाड्याच्या गाडीत तो बहुधा काळा पडलेला, पानांचे तुकडे अडकलेला निघेल. तिथे सक्रिय कोळशाचा थर असलेला फिल्टर बसवा, म्हणजे धुळीबरोबर वासही बराच कमी होईल. साधारण 15,000 किलोमीटरला बदलायचा, धुळीच्या रस्त्यांवर लवकर. हा खर्च देखभालीच्या पैशातून खुशाल करा, तो त्यासाठीच आहे.

कुबट वास तरीही राहिला तर एसीच्या आतल्या ओलसर कॉइलवर बुरशी धरली असेल. ती साफ करून घ्या आणि ड्रायव्हरना सांगा, गाडी थांबवायच्या काही मिनिटं आधी एसी बंद करून नुसता पंखा चालू ठेवायचा. फुकटचा उपाय आहे. आतली हवा फिरवायचं बटण धुराच्या गर्दीत वापरा, पण कायम दाबून ठेवू नका. चार माणसं बसली की कार्बन डायऑक्साइड झपाट्याने वाढतो आणि ड्रायव्हरला पेंग येते.

रेटिंगचं म्हणाल तर विक्रेत्याच्या शब्दावर तिन्ही गाड्या लावायची गरज नाही. एका गाडीत फिल्टर बदलून कॉइल साफ करा आणि तीन महिने वासाच्या तक्रारी मोजा. उग्र सुवासाने मळमळतं म्हणून तक्रार करणारे प्रवासीही असतात, ते या हिशेबात विक्रेता धरत नाही.

माझं उत्तर एकाच परिस्थितीत बदलेल. एखाद्या ड्रायव्हरला दमा असेल आणि नवा फिल्टर पुरत नसेल, तर त्या एका गाडीसाठी पंखा आणि खरा हेपा फिल्टर (अतिबारीक कणही अडवणारा) असलेलं, आयन न सोडणारं यंत्र घ्या. विक्रेत्याला ते तासाला किती घनमीटर हवा स्वच्छ करतं, हे विचारा. ‘99.9 टक्के’ हे त्याचं उत्तर नव्हे, तो आकडा बहुतेकदा छोट्या बंद पेटीतल्या चाचणीचा असतो. पैसे त्या गाडीच्या चालू महिन्याच्या कमाईतून द्या आणि कार्ट्रिजांचा आगाऊ गठ्ठा घेऊ नका. काही गाड्यांत इंजिन बंद केल्यावरही सॉकेट चालूच राहतं, म्हणून रात्री यंत्र काढून ठेवायला सांगा, नाहीतर सकाळी बॅटरी उतरलेली सापडेल.