कोल्हापुरात राहून संकटात जीव वाचवण्याची कौशल्यं शिकायची आहेत, मर्दानी खेळाचा क्लास लावू का?

तुम्ही लिहिलंय की गाव नदीकाठी, नोकरी शहरात, येणं-जाणं मोपेडवर आणि परतायला रात्र होते. क्लास जरूर लावा. पण त्याआधी पोहायला शिका. आपल्याकडे चाकू घेऊन अंगावर येणारा माणूस भेटेल न भेटेल, रस्त्यावर आलेलं पाणी मात्र पावसाळ्यात भेटणारच.

पोहणं म्हणजे तलावात चार फेऱ्या मारणं नव्हे. अंगावर पूर्ण कपडे असताना दहा मिनिटं उताणं तरंगता आलं पाहिजे. आधी पाठीला डबा बांधून विहिरीत किंवा टँकमध्ये शिका, मग डबा काढून पंजाबी ड्रेस किंवा जीन्स घालून सराव करा. ओल्या कपड्यांत हात उचलणंच जड जातं. हे पहिल्यांदा पुरात कळू नये.

वाहत्या पाण्यात सापडलात तर उताणं व्हा, पाय प्रवाहाच्या दिशेला, गुडघे किंचित वाकलेले, पायाची बोटं पाण्याच्या वर. समोर दगड आला तर पायांनी ढकला. डोकं प्रवाहाच्या वरच्या अंगाला, काठाकडे कलतं ठेवून तिरकं सरका, प्रवाहाच्या उलट पोहू नका. सगळ्यात मोठी चूक म्हणजे मध्येच उभं राहायला जाणं. पाय दगडांत अडकतो, पाणी मागून ढकलतं आणि माणूस तोंडावर आडवा होतो. पाणी गुडघ्याखाली येईपर्यंत उभं राहू नका. झुडूप, तारेचं कुंपण किंवा उभा ऊस समोर आला तर नियम बदलतो. पाणी त्यातून निघून जातं, माणूस तिथंच दाबला जातो. अशा वेळी पालथं होऊन डोकं पुढे करा, जोरात हात मारा आणि अंग वर चढवा.

आता तुमची मोपेड. कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यांचे बरगे, म्हणजे पाणी अडवणाऱ्या फळ्या, पावसाळ्यात काढलेले असले तरी ज्यावरून गाड्या जातात त्या स्लॅबवर पाणी येतंच. मग कडा दिसत नाही. घोट्याच्या वरचं वेगाचं पाणी माणसाचा तोल घालवतं, फूटभर पाणी लहान मोटार हलवतं, कारण खालून उचलल्यामुळे टायरची पकड सुटते. वरून पाणी कोसळत असेल तर बंधाऱ्याच्या खालच्या अंगाला ते उलटं फिरतं आणि पडलेल्याला परत बंधाऱ्याकडेच ओढतं, पट्टीचे पोहणारेसुद्धा त्यात अडकतात. ‘पुढचा गेला की’ म्हणून गाडी घालू नका. लांबचा रस्ता धरा, नाहीतर शहरातच मुक्काम करा. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी 39 फूट, धोका पातळी 43 फूट. 2019 आणि 2021 मध्ये पाणी 55 फुटांच्या वर गेलं होतं. राधानगरी धरणाचे दरवाजे स्वयंचलित आहेत, एक उघडला की 1428 क्युसेक, म्हणजे सेकंदाला तेवढे घनफूट पाणी नदीत येतं. ही बातमी कानावर आली की शिवाजी पुलावर पूर बघायला जाण्याऐवजी घरातली कागदपत्रं वर चढवा आणि पाणी उंबऱ्याला लागायच्या आत मेन स्विच बंद करा.

दुसरा कोणी बुडत असेल तर उडी मारू नका, त्याला दोर फेका. 15 ते 20 मीटर नायलॉनचा दोर, टोकाला पाच लिटरचा झाकणबंद कॅन, त्यात जेमतेम पाव लिटर पाणी. तेवढं वजन नसेल तर वाऱ्यावर कॅन भरकटतो. माणसाच्या डोक्यावरून पलीकडे फेका. दोर मनगटाला गुंडाळू नका. तो ओढला जाताना तुम्हालाही नेतो. खाली बसून पाय रोवा, प्रवाहच त्याला काठाला आणतो.

पूर ओसरला की साप घरात शिरतात. मण्यार रात्री जमिनीवर झोपलेल्याला चावते आणि दुखत फारसं नाही, म्हणून लोक सकाळपर्यंत थांबतात. पापण्या जड होणं, गिळता न येणं ही तिची लक्षणं. बांगड्या, जोडवी, घड्याळ लगेच काढा, चावलेला हात किंवा पाय फळीला बांधून हलू देऊ नका, वेळ लिहून ठेवा आणि 108 ला फोन करा किंवा सरळ सीपीआर, म्हणजे कोल्हापुरातलं सरकारी रुग्णालय गाठा. घट्ट दोरी आवळणं, ब्लेडने कापणं, चोखणं यातलं काहीही नको. घोणस चावल्यावर कापलंत तर रक्त थांबत नाही. साप पकडून नेण्याचीही गरज नाही, नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांवर एकच लस चालते.

राहिला मारामारीचा भाग. मर्दानी खेळातून पवित्रा, अंतराचा अंदाज आणि लाठीचा हात मिळतो, आणि हे फार मोलाचं आहे. पण तिथं समोरचा तुमच्या लयीत खेळतो, रस्त्यावर नाही. म्हणून तालमीत वस्तादांना सांगून मागून मिठी आणि मनगट धरणं यांचा सराव अनोळखी जोडीदारासोबत करा. मनगट धरलं तर मागे ओढू नका, त्याच्या अंगठ्याच्या बाजूला झटका द्या, पकड तिथंच कमकुवत असते. सुटलात की उजेडाकडे पळा, ओरडा, 112 लावा. चाकू दिसला तर पर्स त्याच्याकडे नको, बाजूला फेका आणि उलट्या दिशेला पळा. मिरचीचा स्प्रे पर्सच्या तळाशी नको, हातात हवा, आणि वारा तुमच्या तोंडावर नसावा. स्वसंरक्षणाचा हक्क भारतीय न्याय संहितेच्या 34 ते 44 कलमांत आहे, पण धोक्याच्या मानाने लागेल तेवढंच बळ. तो पळायला लागल्यावर मागे लागून लाठी घातलीत तर तो बचाव उरत नाही.