सही करण्याआधी

कंपनी संचालकांच्या प्रश्नांना उत्तरं

या वेळची बहुतेक पत्रं रत्नागिरी आणि सिंधुदुर्गातून आलेली आहेत. निम्मी शेतकरी उत्पादक कंपन्यांच्या संचालकांची, उरलेली छोट्या प्रायव्हेट लिमिटेड कंपन्यांची.

प्रश्न : आमच्या काजू उत्पादक कंपनीत मला यंदा संचालक म्हणून निवडलं. शिक्षण दहावी. बाग आणि बी कळते, कायदा कळत नाही. सभेत सीए बोलतात, आम्ही माना डोलावतो. सुरुवात कुठून करू? (काजू बागायतदार, लांजा)

बी कळते म्हणता, म्हणजे निम्मं काम झालं. कायदा तोंडपाठ असावा असं कुणी म्हणत नाही. कंपनी कायदा २०१३ च्या कलम १६६ चा गाभा असा : सभासदांच्या हितासाठी प्रामाणिकपणे वागा, वाजवी काळजी घ्या आणि मत स्वतःचं ठेवा. यात चूक झाली तर १ ते ५ लाखांचा दंड आहे. मान डोलावणं ‘वाजवी काळजी’त धरलं जात नाही.

पुढच्या सभेआधी ऑफिसकडून तीन कागद लेखी मागा : कंपनीचे आर्टिकल्स (अंतर्गत नियमावली), तीन वर्षांचे ताळेबंद आणि गेल्या चार सभांची इतिवृत्तं. ताळेबंद उघडलात की आकड्यांकडे नंतर वळा, आधी ऑडिटरचा अहवाल वाचा. ऑडिटरने कुठे हात राखून लिहिलंय ते तिथेच सापडतं.

मग तुमच्या हातातलं गणित करा. समजा वर्षभरात ४० टन बी फोडली. चार किलो सुक्या बीला साधारण एक किलो गर धरला तर १० टन गर निघायला हवा, वेंगुर्ल्याच्या सुधारित जाती असतील तर थोडा जास्तच. पुस्तकात मात्र साडेसात टन दिसतोय. कारण सरळही असू शकतं : ओली बी तोलून घेतली आणि वाळल्यावर घटली, बी पोचट निघाली, किंवा पाकळी-तुकडा वेगळ्या खात्यात दाखवला. काहीही असो, ते कुणीतरी सभेत सांगायला हवं आणि तुकड्याच्या विक्रीची बिलं दिसायला हवीत. हा प्रश्न सीएंना सुचेलच असं नाही. तुम्हाला सुचतो.

दुसरी जागा ३१ मार्चची. काजूचा ऐन हंगाम तेव्हा चालू असतो. २९-३० तारखेला पोती गोदामात आली, शिल्लक मालात मोजली गेली, पण खरेदीचं बिल एप्रिलमध्ये चढवलं, तर तेवढ्या रकमेचा नफा कागदावर फुगतो. मार्चअखेरच्या शेवटच्या दहा आवक पावत्या मागा आणि त्या खरेदीखात्यात कुठल्या तारखेला चढल्या ते बोट ठेवून बघा. अर्ध्या तासाचं काम आहे.

प्रश्न : बँकेची कॅश क्रेडिट वाढवायची होती. अध्यक्षांनी व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकलं, आम्ही सगळ्यांनी होकाराचे अंगठे टाकले. आता बँक ठरावाची प्रत मागते. जुन्या तारखेने सभा लिहून काढावी का? (संचालक, काजू प्रक्रिया प्रा. लि., सावंतवाडी)

नाही. न झालेली सभा लिहून काढणं ही चूक नव्हे, बनावट आहे. इतिवृत्तात फेरफार केल्याचं सिद्ध झालं तर दोन वर्षांपर्यंत कैद आहे.

अंगठ्यांचं म्हणाल, तर सभा न घेता कागद फिरवून ठराव करायची सोय कलम १७५ मध्ये आहे. पण त्यासाठी मसुदा आणि सोबतचे कागद सगळ्या संचालकांना रीतसर पाठवावे लागतात, बहुमताची संमती लागते आणि पुढच्या सभेत त्याची नोंद घ्यावी लागते. एक तृतीयांश संचालकांनी ‘सभेतच घ्या’ म्हटलं तर विषय सभेत न्यावाच लागतो. तुमच्या बाबतीत मात्र हा रस्ताच बंद आहे. कर्ज काढण्याचा निर्णय कलम १७९ प्रमाणे सभा घेऊनच व्हावा लागतो.

तेव्हा सात दिवसांची नोटीस काढून सभा घ्या. घाई असेल तर कमी मुदतीत बोलवा आणि घाईचं कारण इतिवृत्तात लिहा. इतिवृत्ताचा मसुदा सभेनंतर १५ दिवसांत संचालकांकडे जायला हवा, त्यावर म्हणणं मांडायला त्यांना ७ दिवस, आणि सभेपासून ३० दिवसांत नोंदवहीत नोंद. विकास सोसायटीत प्रोसिडिंग सचिव सवडीने लिहून काढतो, तीच सवय घेऊन लोक कंपनीत येतात. मग सप्टेंबरात चार सभा एकाच पेनाने, एकाच बैठकीत लिहिल्या जातात आणि त्यातली एक नेमकी गणेश चतुर्थीच्या सकाळी ११ वाजता झालेली निघते. कोकणात त्या वेळी पाच संचालक एका टेबलाभोवती बसले होते, यावर कुणाचा विश्वास बसणार?

प्रश्न : आमची मासळी प्रक्रिया कंपनी. बर्फ अध्यक्षांच्या सख्ख्या भावाच्या कारखान्यातून येतो. दर चढा वाटतो, पण सगळी घरचीच माणसं. बोलायचं कसं? (एक संचालक, रत्नागिरी)

भावाकडून घेणं बेकायदा नाही. लपवून घेणं किंवा न तपासता घेणं अंगाशी येतं. सख्खा भाऊ कायद्याच्या ‘नातेवाईक’ यादीत आहे. त्या यादीत पती-पत्नी, आई-वडील, मुलगा-सून, मुलगी-जावई, भाऊ, बहीण आणि एकत्र कुटुंब एवढेच येतात. वहिनी आणि चुलतभाऊ त्यात नाहीत, म्हणून काही ठिकाणी कारखाना वहिनीच्या नावावर होतो. यादीबाहेर असलं तरी ते सभेत सांगून टाकावं, हे आमचं मत.

व्यवहार नेहमीच्या धंद्यातला आणि बाजारभावाचा असेल तर नातेवाइकांशी होणाऱ्या व्यवहारांसाठीची कलम १८८ ची मंजुरी लागत नाही. पण बाजारभावाचा आहे हे दाखवणार कशावरून? इथेच बहुतेक फायली उघड्या पडतात. तीन कोटेशनं घ्या, तीही एकाच महिन्यातली. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, तेव्हाचा दर आणि ऑगस्टात होड्या सुटल्यावरचा दर यांची तुलना करून काही सिद्ध होत नाही. कोटेशनात दर लादीमागे की टनामागे, कारखान्याच्या दारात की तुमच्या शेडमध्ये पोचता, बर्फ फोडण्याचा खर्च धरून की वगळून, हे सारखं असू द्या. वाटेत वितळणारा बर्फ कुणाच्या हिशेबात धरलाय, तेही विचारा. चढ्या दराचा उलगडा पुष्कळदा तिथेच होतो.

अध्यक्षांनी आर्थिक वर्षाच्या पहिल्या सभेत एमबीपी-१ फॉर्मवर आपले हितसंबंध जाहीर केलेले असावेत. प्रायव्हेट कंपनीत जाहीर केल्यावर त्यांना चर्चेत बसता येतं. तरी या विषयापुरतं त्यांनी बाहेर चहा घ्यावा, ते बरं दिसतं. मंजुरी लागत असूनही न घेता व्यवहार केला तर तीन महिन्यांत मान्य करून घ्यावा लागतो, नाहीतर कंपनी तो रद्द करू शकते आणि नुकसान संबंधित संचालकाकडून वसूल होतं.

आणि बोलायचं कसं? भावाचं नाव न घेता विचारा, ‘हा दर कुठल्या महिन्याच्या कोटेशनवर धरलाय?’ उत्तर पटलं नाही तर विरोध नावानिशी इतिवृत्तात नोंदवून घ्या. कलम ११८ प्रमाणे ती नोंद करावीच लागते.

प्रश्न : आमच्या दहा संचालकांना प्रशिक्षण द्यायचं आहे. एक संस्था हॉटेलात दोन दिवसांचं शिबिर घेऊ म्हणते. काय शिकवून घ्यावं? (अध्यक्ष, आंबा उत्पादक कंपनी, देवगड)

आधी त्यांचा अभ्यासक्रम मागवा. त्यात सेबीचे लिस्टिंगचे नियम आणि ऑडिट कमिटीची रचना असेल तर तो मोठ्या लिस्टेड (शेअर बाजारात नोंदलेल्या) कंपन्यांसाठीचा माल आहे, तुमच्या कामाचा नाही. कायद्यात उत्पादक कंपन्यांसाठी वेगळं प्रकरण आहे, कलम ३७८-ए पासून पुढे. ते ११ फेब्रुवारी २०२१ पासून २०१३ च्या कायद्यात आलं, त्याआधी १९५६ च्या कायद्यात होतं. शिकवणारा अजून ‘कलम ५८१’ म्हणत असेल तर त्याच्या नोट्स जुन्या आहेत.

दोन दिवसांऐवजी दोन-दोन तासांच्या चार बैठका घ्या, प्रत्येक बैठक संचालक सभेच्या आठवडाभर आधी. पेट्या भरायच्या दिवसांत मात्र नको. फेब्रुवारीच्या मध्यापासून मेअखेरपर्यंत देवगडात कुणाचं लक्ष लागणार? शिकवायला तुमच्याच गेल्या वर्षीच्या फायली पुरेत.

हितसंबंधांच्या बैठकीला सत्यम या सॉफ्टवेअर कंपनीचं उदाहरण घ्या. १६ डिसेंबर २००८ ला सत्यमच्या संचालक मंडळाने प्रवर्तक कुटुंबाच्या मेटास नावाच्या दोन कंपन्या घेण्याचा ठराव एकमताने केला. मेटास म्हणजे सत्यमचीच इंग्रजी अक्षरं उलटी. गुंतवणूकदार खवळले आणि काही तासांत ठराव मागे घ्यावा लागला. ७ जानेवारी २००९ ला अध्यक्षांनी हिशेब खोटे असल्याचं पत्र लिहिलं. मंडळावर नामांकित प्राध्यापक होते. संचालकांना एकच काम द्या : त्या दिवशी टेबलावर कोणते तीन कागद मागायला हवे होते, ते लिहा.

शेवटी परीक्षा म्हणून मुद्दाम चुका घातलेली सभेची फाईल हातात द्या. नोटीस पाच दिवसांची (हवी सात). दहापैकी तीनच संचालक हजर (गणपूर्ती एक तृतीयांश, म्हणजे इथे चार, आणि कुठल्याही मंडळात तीनपेक्षा कमी चालत नाही). एका संचालकाच्या भावाला कर्ज, तेही मंडळाने मंजूर केलेलं (ते सर्वसाधारण सभेतच होतं). आणि मुख्य कार्यकारी अधिकारी म्हणून नेमलेला तरुण स्वतःच सभासद, जे कायद्याला चालत नाही. ही शेवटची चूक बहुतेकांच्या नजरेतून सुटते, कारण तो तरुण हुशार असतो आणि गावातलाच असतो.

प्रश्न : बँकेतून निवृत्त झालो. स्वतंत्र संचालक व्हायचं आहे. परीक्षा असते म्हणे. (चिपळूण)

स्वतंत्र संचालक म्हणजे कंपनीशी किंवा तिच्या प्रवर्तकांशी आर्थिक वा नात्याचा संबंध नसलेला संचालक. अशांसाठी मानेसरच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ कॉर्पोरेट अफेअर्सची डेटाबँक आहे, १ डिसेंबर २०१९ पासून. तिथे नाव नोंदवायचं आणि दोन वर्षांत ऑनलाइन चाचणी द्यायची. ५० टक्के गुण लागतात, कितीही वेळा देता येते. लिस्टेड कंपनीत संचालक किंवा प्रमुख पदाधिकारी म्हणून तीन वर्षं काढलेल्यांना चाचणी माफ आहे.

मात्र नोंदणी म्हणजे नेमणूक नव्हे. प्रायव्हेट कंपन्यांना स्वतंत्र संचालक लागत नाहीत. लिस्टेड नसलेल्या पब्लिक कंपनीला भरणा भांडवल १० कोटी झालं, उलाढाल १०० कोटी झाली किंवा कर्ज-ठेवी ५० कोटींच्या वर गेल्या की किमान दोन लागतात. अशा कंपन्या जिल्ह्यात बोटावर मोजण्याइतक्या, तेव्हा मुंबई-पुण्याकडे बघावं लागेल. बोलावणं आलंच तर होकाराआधी कंपनीचे दोन वर्षांचे सभेचे कागद वाचायला मागा. दाखवायला तयार नसतील तर तिथे जाऊ नका.

प्रश्न : मुलगा मुंबईला नोकरीत आहे, आमच्या कंपनीत संचालकही आहे. सभेला येतच नाही. चालतं का? (गुहागर)

बारा महिन्यांतल्या सगळ्या सभा चुकल्या तर पद आपोआप जातं, रजेचा अर्ज दिलेला असला तरी. व्हिडिओवरून बसला तर हजेरी धरली जाते, पण सुरुवातीला त्याने नाव आणि ठिकाण सांगायचं, कागद मिळाले म्हणायचं आणि खोलीत दुसरं कुणी नाही हेही सांगायचं. लोकलच्या डब्यातून हे जमणार नाही, तेव्हा सभेची वेळ त्याला विचारून ठेवा.