प्लग काळा पडतोय म्हणून लगेच कार्बोरेटर खोलू नका

दादा, तुमचा प्रश्न वाचला आणि माझा २०१६ चा उन्हाळा डोळ्यांपुढे उभा राहिला. तुम्ही लिहिलंय की सेनगावात मार्चमध्ये मोटारसायकलला नवा प्लग (इंजिनात ठिणगी पाडून पेट्रोल पेटवणारा स्पार्क प्लग) टाकला, पंधरा दिवसांत तो काळाकुट्ट झाला, सकाळी वीस-वीस किका माराव्या लागतात. दुकानदार म्हणतो कार्बोरेटर (हवा आणि पेट्रोल मिसळणारा भाग) खोला, नाहीतर इरिडियम धातूच्या टोकाचा महाग प्लग घाला. माझ्या गाडीचं अगदी हेच झालं होतं. तुमची १२५ सीसी आहे, माझी १५० होती, एवढाच फरक. दोन्ही कार्बोरेटरवाल्या.

प्लग काढणं, पुसणं तुम्हाला येतंच, ते सांगत बसत नाही. काढलेल्या प्लगवरचा नंबर आणि गाडीबरोबर मिळालेल्या पुस्तकातला नंबर समोरासमोर ठेवा आणि एकेक अक्षर ताडून बघा. मी हे तीन महिने केलं नाही आणि त्याचीच किंमत मोजली.

माझ्या पुस्तकात एनजीके कंपनीच्या प्लगचा सीपीआर८ईए-९ हा नंबर लिहिलेला होता. फेब्रुवारीत जिंतूरला प्लग घ्यायला गेलो तर काउंटरवरचा म्हणाला, "भाऊ, आता ऊन तापणार, एक नंबर थंड घाला, आपल्या भागात सगळे तेच घालतात." आणि सीपीआर९ईए-९ हातात दिला. दिसायला जुळा भाऊ. आटे तेच, लांबी तीच, बसला झटकन. मलाही ते पटलं, कारण परभणीकडचं मे महिन्याचं ऊन मी लहानपणापासून सोसलेलं आहे.

पण त्या गरम-थंडचा उन्हाशी संबंध नाही. प्लगचं टोक आपली उष्णता हेडला, म्हणजे इंजिनाच्या प्लग बसतो त्या वरच्या भागाला, किती लवकर देऊन टाकतं, त्यावरून त्याला गरम किंवा थंड म्हणतात. आतलं पांढरं पोर्सेलिन लांब असलं की उष्णता जायला वेळ लागतो, टोक तापलेलं राहतं. आखूड असलं की लगेच निवतं. टोक साधारण ४५० अंशांच्या वर राहिलं तरच त्यावरची काजळी जळून जाते. ८०० च्या पुढे गेलं तर ते निखाऱ्यासारखं होऊन ठिणगी पडायच्या आधीच पेट्रोल पेटवायला लागतं. या दोन्हींच्या मध्ये राहील असा नंबर कंपनीने इंजिन बघून ठरवलेला असतो. एक नंबर बदलला की टोकाचं तापमान ७० ते १०० अंशांनी सरकतं. त्यात कार्बोरेटरवाल्या गाडीला उन्हाळ्यात विरळ हवा मिळते, म्हणजे पेट्रोलचं प्रमाण थोडं जास्तच होतं. काजळी धरायला तेवढं पुरतं. मी घर ते शाळा सात किलोमीटर जायचो, तेही खडीच्या रस्त्याने तिसऱ्या गिअरात. टोक कधी धड तापायचंच नाही.

मग मिसिंग सुरू झालं, म्हणजे मध्येमध्ये ठिणगी चुकून गाडी झटके द्यायला लागली. गाडी सर्व्हिस सेंटरला नेली, तीही एकदा नाही, तीनदा. नाव लिहीत नाही, पण अधिकृत होतं, भिंतीवर प्रमाणपत्रं लावलेली होती. पहिल्यांदा त्यांनी प्लग साफ करून तोच परत लावला. दुसऱ्यांदा थंड इंजिन लवकर उठावं म्हणून मिक्स्चरमधलं (हवा-पेट्रोलच्या मिश्रणातलं) पेट्रोल वाढवलं, म्हणजे आगीत तेल. तिसऱ्यांदा प्लगला वीज देणारी कॉइल बदलली. तिन्ही जॉबकार्डांवर 'प्लग तपासला' असं लिहिलेलं आहे, ती मी अजून जपून ठेवलीत. प्लग तीनदा हातात घेतला आणि त्यावर छापलेला नंबर एकानेही वाचला नाही. मी विचारलं तर काउंटरवरून उत्तर आलं, "जुनी गाडी आहे साहेब, असं होणारच." तेव्हा ती चार वर्षांची होती. आजही ते आठवलं की संताप होतो. आपण पैसे मोजतो ते त्यांनी बघावं म्हणूनच ना?

त्याच मार्चमध्ये मुलीच्या दहावीच्या पेपरला जाताना गाडी रस्त्यात बंद पडली. दुधाच्या टेम्पोवाल्याने तिला केंद्रापर्यंत सोडलं म्हणून पेपर झाला.

खरं नुकसान मात्र पुढे माझ्याच हातून झालं. दर आठवड्याला प्लग काढून पुसायची सवय लागली होती. एका दुपारी गाडी बंद पडली आणि तापलेल्या इंजिनातूनच काढला. हेड ॲल्युमिनियमचं, प्लग पोलादाचा. परत लावताना थोडा तिरका धरला गेला, घट्ट लागतोय असं वाटून पान्याने जोर दिला आणि आटे गेले. हेड उतरवलं, लेथवाल्याकडून नवे आटे बसवून घेतले, गॅस्केट बदललं. सगळं मिळून ३,८०० रुपये. प्लग तेव्हा शंभराच्या आसपास मिळायचा. पुस्तकातला ८ नंबरचा प्लग मला त्या लेथवाल्यानेच सुचवला, तेही नंबर वाचून. मिक्स्चर परत जागेवर आणलं आणि पुढची दोन वर्षं त्या प्लगने तक्रार केली नाही.

म्हणून प्लग इंजिन गार झाल्यावरच काढा. त्याआधी प्लगभोवतीच्या खळग्यातली धूळ पंक्चरवाल्याकडे हवा मारून घालवा, आपल्याकडची काळी माती आत गेली तर वेगळंच दुखणं. लावताना शेवटपर्यंत बोटांनीच फिरवा. बोटांना अडला तर उलटा काढून पुन्हा धरा. बूड टेकल्यावर नवा असेल तर पान्याने साधारण अर्धा फेरा, जुना असेल तर त्याहून बराच कमी. मी फिटर नाही, मास्तर आहे, तेव्हा पुस्तकात वेगळं दिलं असेल तर तेच खरं माना.

कंपनी बदलणार असाल तर आकड्यांवर विसंबू नका. एनजीकेमध्ये आकडा वाढला की प्लग थंड, बॉशमध्ये आकडा वाढला की गरम, एकदम उलटं. "तोच नंबर दुसऱ्या कंपनीचा द्या" म्हणून घेतलेला प्लग भलताच निघू शकतो. पर्यायी नंबर पुस्तकात असेल तरच घ्या. आट्यांची लांबीही बघा. एनजीकेच्या नंबरातलं ई म्हणजे १९ मिलिमीटर, एच म्हणजे १२.७. आखूड गेला तर उघड्या आट्यांत काजळी भरते, मग बरोबर लांबीचा प्लगही अडकतो. लांब गेला तर पिस्टनवर किंवा व्हॉल्व्हवर आदळू शकतो. तिथे "बसतोय ना" हे उत्तर चालत नाही.

नंबरातलं आर कधी सोडू नका. ते आतल्या रेझिस्टरचं, म्हणजे ठिणगीची विजेची गडबड दाबणाऱ्या भागाचं अक्षर आहे. कॉम्प्युटरवर चालणाऱ्या नव्या बीएस-६ गाडीत तर अजिबात नाही, तिथे ठिणगीच्या गडबडीने कॉम्प्युटर बिघडल्यासारखा वागतो. नकली प्लगही बाजारात खूप आहेत. मी घरी मल्टिमीटरने वरच्या टोकापासून मधल्या इलेक्ट्रोडपर्यंत मोजतो. आरवाला प्लग साधारण ५ किलो-ओम दाखवतो. शून्य दाखवला तर परत करतो, दुकानदार कितीही कुरकुरला तरी.

इरिडियमबद्दल माझं मत कुणाला पटणार नाही, पण सांगतो. प्लग चांगला असतो, जास्त टिकतो, पण काजळीचं कारण तसंच ठेवून महाग प्लग घालणं म्हणजे पैसे वाया घालवणं. आधी एअर फिल्टर काढून उन्हात धरून बघा. कापसाच्या हंगामानंतर तो हमखास तुंबलेला असतो आणि तुंबला की प्लग काळा पडतोच. काळी पूड कोरडी असेल तर हे सगळं लागू. ओलसर, तेलकट असेल तर गोष्ट वेगळी, मग इंजिनातलं तेल वर येऊ न देणाऱ्या रिंगा आणि व्हॉल्व्ह सील बघावे लागतील, त्यात माझा अनुभव नाही.

प्लगवरचा नंबर, पुस्तकातला नंबर आणि दिवसाच्या उजेडात काढलेला टोकाचा फोटो टाका. रोजचं अंतर किती तेही लिहा. तोवर मिक्स्चरच्या स्क्रूला कुणाला हात लावू देऊ नका.