पट्ट्यावरची दांडीयात्रा

प्रश्न: जोसेफ डीलॅप या अमेरिकन कलावंताने ट्रेडमिलवर चालून संगणकातल्या जगात दांडीयात्रा केली, असं वाचलं. माणूस यंत्रावर चालतो तेव्हा पडद्यावरचे गांधीजी चालतात कसे? शिरोड्याच्या मिठाच्या सत्याग्रहावर आमच्या नाट्यगटाला असं काही करता येईल का? (एक वाचक, वेंगुर्ले)

उत्तर: येईल. २००८ साली १२ मार्च ते ६ एप्रिल असे २६ दिवस डीलॅप न्यूयॉर्कच्या ‘आयबीम’ कलाकेंद्रात चालले. एकूण २४० मैल, म्हणजे सुमारे ३८५ किलोमीटर. ‘सेकंड लाइफ’ या आभासी जगातली गांधीजींची आकृती त्यांच्या पावलांनी पुढे सरकायची. रोजचे सरासरी १५ किलोमीटर पडतात. ताशी साडेतीनच्या चालीने चार तासांहून जास्त. नुसती कळ दाबूनही आकृती चाललीच असती, पण मग प्रयोगात उरलं काय असतं?

त्यांच्या यंत्राची नक्कल करायची गरज नाही. पायाने फिरणारी, बिनमोटरची ट्रेडमिल घ्या. मोटरची ट्रेडमिल तुम्हालाच चालवते, शिवाय मोटरमुळे तारेत खोटे संकेत येतात. पुढच्या रोलरच्या टोकाला छोटं चुंबक चिकटवा आणि रीड स्विच (चुंबक जवळ आलं की मिटणारा छोटा स्विच) त्यापासून ५ ते ८ मिलिमीटरवर चौकटीला घट्ट बसवा. स्विचची एक तार आर्डुइनो लिओनार्डो या प्रोग्रॅम करता येणाऱ्या छोट्या बोर्डाच्या पिन २ ला, दुसरी ग्राउंडला. बोर्डाच्या आतला पुल-अप (पिनवरचा संकेत स्थिर ठेवणारा रेझिस्टर) चालू केला की वेगळा रेझिस्टर लागत नाही. आर्डुइनोचाच उनो हा बोर्ड नको; लिओनार्डो संगणकाला थेट कीबोर्ड म्हणून दिसतो, उनो दिसत नाही.

गोची होते ती प्रोग्रॅममध्ये. दर फेऱ्याला कळ दाबून लगेच सोडली तर आकृती उचक्या लागल्यासारखी चालते. ५ सेंटिमीटर व्यासाचा रोलर ताशी ३ किलोमीटरच्या चालीला सेकंदात पाचएक फेरे घेतो, म्हणजे दोन संकेतांत साधारण १९० मिलिसेकंद. तेव्हा पहिल्या संकेताला प्रोग्रॅममधून कीबोर्डच्या वरच्या बाणाची कळ दाबून धरा. ४०० मिलिसेकंदांत पुढचा आला नाही तरच सोडा. रीड स्विचची पाती मिटताना थरथरतात आणि एका फेऱ्याचे तीन मोजले जातात, म्हणून आधीच्या नोंदीनंतर २० मिलिसेकंदांत आलेले संकेत गाळा. आणखी एका पिनला साधा खटका जोडा. तो चालू असेल तेव्हाच बाण दाबला जावा. नाहीतर बाण अडकला की संगणक हातचा जातो.

अंतर पडद्यावर मोजू नका, आकृतीची चाल तिची ठरलेली असते. रोलरचे फेरे मोजा: वरच्या मापाला किलोमीटरमागे सुमारे ६,३७०. प्रेक्षकांशी टाइप करून बोलायचं तर दुसरा माणूस, दुसरा संगणक, दुसरं खातं ठेवा. चॅटच्या चौकटीत कर्सर असला तर बाण अक्षरांतच फिरण्याचा धोका असतो आणि सत्याग्रही जागीच उभा राहतो.

प्रश्न: संगणकावरच्या युद्धाच्या खेळात शिरून डीलॅप यांनी काय केलं? (एक वाचक, सांगली)

उत्तर: ‘अमेरिकाज आर्मी’ हा अमेरिकन लष्कराने भरतीसाठी २००२ मध्ये काढलेला फुकट खेळ होता; २०२२ मध्ये तो बंद झाला. मार्च २००६ पासून डीलॅप त्यात ‘डेड-इन-इराक’ या नावाने शिरायचे, शस्त्र टाकायचे आणि इराकमध्ये मेलेल्या अमेरिकन सैनिकांचं नाव, वय, दल, मृत्यूची तारीख संदेशांच्या जागी टाइप करायचे. खेळात मारले गेले तरी लिहिणं चालूच. डिसेंबर २०११ मध्ये सैन्य परतलं तेव्हा ४,४८४ नावं झाली होती. याला जोडणी काहीच लागत नाही. कीबोर्ड आणि बिनचूक यादी, बस्स.