पंख्यावर हजार रुपये सूट का नाही?

प्रश्न : सरकारने अनुदान दिलं म्हणून एलईडी बल्ब घरोघरी पोचले. मग वीज वाचवणाऱ्या बीएलडीसी पंख्यांवर हजार रुपयांची सूट का देत नाहीत? आमच्याकडे आठ महिने पंखा बंद होत नाही.
— एक शिक्षिका, बार्शी

उत्तर : बाई, आधी एक दुरुस्ती करतो. एलईडी बल्बांच्या ‘उजाला’ योजनेत बल्बवर सरकारी अनुदान नव्हतंच. ईईएसएल या सरकारी कंपनीने लाखो बल्बची एकत्र खरेदी केली. 2014 च्या सुरुवातीला तिला एक बल्ब 310 रुपयांना पडत होता, 2016 मध्ये 38 रुपयांना. आणि बऱ्याच ठिकाणी दहा रुपये देऊन बल्ब घरी न्यायचा, बाकीचे पैसे वीजबिलातून हप्त्याने फिटायचे. मी तेव्हा वीज कंपनीत नोकरीला होतो. माझ्या मते खरी किमया त्या हप्त्याची.

आमच्याकडे पोळ्या करायला येणाऱ्या मावशींचा पंखा गेल्या मार्चमध्ये जळाला. मी त्यांना दुकानात हिशेब मांडून दाखवला. साधा पंखा 75 वॅट खातो, बीएलडीसी साधारण 30. रोज बारा तास, आठ महिने धरले तर 130 युनिट वाचतात. सहा रुपये दराने पावणेआठशे. किमतीतला दीड हजाराचा फरक दोन उन्हाळ्यांत वसूल. मावशींना हिशेब लगेच पटला. म्हणाल्या, “दादा, वाचतील ते पुढं. आज दीड हजार जास्तीचे कुठनं आणू?” आणि साधाच पंखा घेऊन गेल्या. मला फार वाईट वाटलं.

हजाराची सूट असती तरी वरचे पाचशे त्यांच्याकडे नव्हतेच. ती सूट घेतली असती आपल्यासारख्या पगारदारांनी, जे एरवीही हा पंखा घेणारच. म्हणून पंखा बिलातूनच मिळायला हवा, हप्ता दरमहा वाचणाऱ्या रकमेपेक्षा कमी हवा. आणि जुना पंखा जमा केल्याशिवाय नवा देऊ नये. नाहीतर तो माजघरात फिरायला लागतो आणि बचत तिथेच संपते. 2023 मध्ये ईईएसएलने 1 कोटी पंख्यांचा कार्यक्रम जाहीर केलाय. तो मावशींच्या घरापर्यंत पोचायचा तर बिलाचीच वाट धरावी लागेल. सरकारला पैसे घालायचेच असतील तर त्या हप्त्याचं व्याज भरावं, तेही कमी युनिटवाल्या घरांसाठी.

तुम्ही मात्र सूट मिळायची वाट पाहू नका. जानेवारी 2023 पासून छताच्या पंख्यांवर स्टार लेबल (जास्त तारे म्हणजे जास्त वीजबचत) सक्तीचं आहे, ते बघून घ्या. आणि बसवताना वायरमनला भिंतीवरचा जुना रेग्युलेटर काढून थेट जोडणी द्यायला सांगा. त्या रेग्युलेटरवर बीएलडीसी पंखा नीट चालत नाही.