गव्हाचा भाव नंतर, आधी हप्ता

वाचकाचं पत्र, थोडक्यात: निफाड तालुक्यात चार एकर गहू. घरची पोती काढून 60 क्विंटल विकायला आहे. व्यापारी 2,500 देतो; दिवाळीपर्यंत ठेवला तर 2,800 मिळतील असं वाटतं. बँकेचं दीड लाख पीककर्ज 31 मार्चला फेडायचंय. त्याच बँकेतून घेतलेल्या ‘दामदुप्पट’ पॉलिसीला दर नोव्हेंबरला 50,000 जातात, तीन हप्ते झाले. यंदा तो भरला म्हणून पेरणी डिसेंबरवर गेली. गहू विकू की ठेवू?

भाऊ, विका. क्विंटलला 300 म्हणजे 18,000. बारदान, हमाली, घट, सोंडकिडे वजा करून 13,000 धरू. कर्ज मुदतीत फेडलं तर व्याज शून्य, थकलं तर सात टक्क्यांनी 10,500. उरले अडीच हजार, तेही भाव चढला तर! मे 2022 मध्ये गहू तापला तशी निर्यातबंदी आली, पुढच्या वर्षी व्यापाऱ्यांवर साठामर्यादा. गहू महाग झालेला कुठल्याच सरकारला परवडत नाही.

मला खुपलं ते पेरणीचं. 15 नोव्हेंबरनंतर दर पंधरवड्याला हेक्टरी अडीच क्विंटल घट धरतात. तुमचं रान 1.6 हेक्टर, उशीर तीन आठवडे: सहा क्विंटल, म्हणजे 15,000 बुडाले. यंदाचा हप्ता 65,000 ला पडला. आणि कशासाठी? कागदावर दहा हप्ते आणि पंधराव्या वर्षी आठ लाख लिहिलेत. पाचाचे आठ, म्हणजे वर्षाला जेमतेम साडेचार टक्के. यात दामदुप्पट कुठे आहे, ते बँकेतल्या त्या साहेबांनाच विचारा. पीककर्ज हवं तर पॉलिसी घ्या, असंही ते म्हणाले होते ना? असा नियम नाही.

चौथा हप्ता भरू नका. पण रागाने पॉलिसी मोडूही नका: आता मोडली तर भरलेल्या दीड लाखातले पन्नासेक हजार मिळतील. पेड-अप केली तर पुढे काही न भरता मुदतीअखेर दोन-सव्वादोन लाख यावेत. दोन्ही आकडे शाखेतून लेखी घ्या, तोंडी नको.

या पॉलिसीतल्या पाच लाखांच्या विम्यात तुमच्या माघारी दोन मुलांचं काय होणार? पन्नास लाखांचा साधा मुदतीचा विमा (टर्म; मुदतीत मृत्यू झाला तरच पैसे) चाळिशीत वर्षाला दहा-पंधरा हजारांत बसतो. तंबाखू खात असाल तर अर्जात खरं लिहा, हप्ता वाढला तरी चालेल.